धाब्याचं घर : दिवसा आत, रात्री वर

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की जुनी माणसं हमखास म्हणतात, "धाब्याच्या घरात असं होत नव्हतं." अर्धंच खरं आहे हे.

धाब्याच्या भिंती मातीच्या, चांगल्या जाडजूड. वर लाकडी कड्या, त्यावर काटक्या आणि मातीचा थर. दुपारचं ऊन एवढी माती ओलांडून आत यायला संध्याकाळ उलटायची. म्हणून दिवसा दारं लोटलेली, माणसं आत. छताच्या भोकातून चुलीचा धूर अन् गरम हवा निघून जायची. पण रात्री तीच भिंत आत तापवायची. तेव्हा सगळं घर अंथरुणं घेऊन धाब्यावर! खरा गारवा तिथं होता, हे आपण विसरलो.

कौतुक पुरे. मातीला पाण्याचं वावडं. ब्रिग्ज साहेबानं १८१९ च्या सुमारास मुख्यालय केलेल्या धुळ्यात १८७२ ला पांझरेचा पूर आला, घरांची मोठी हानी झाली. शिवाय दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाका, नाहीतर गळती. सिमेंट आलं तेव्हा लोकांना सुटल्यासारखं वाटलं, त्यात चूक काय?

आता ग्रामीण घरकुलाला मूळ अनुदान एक लाख वीस हजार, जागा किमान २५ चौरस मीटर. एवढ्यात बऱ्याचदा वर पत्रा येतो. पत्र्यावर झोपणार कसं? स्लॅब टाकला तरी जिना राहूनच जातो. तुमच्या गल्लीत कुणाचं घरकुल मंजूर झालं असेल तर पाया खोदण्याआधी जिन्याचं अन् समोरासमोरच्या खिडक्यांचं विचारा.