दुःखाचे वांटेकरी

राजांच्या मृत्यूची नोंद इतिहासांत तिथीवारासह सांपडते. परंतु एखाद्या साध्या घरांतील कर्ता मनुष्य वर्षानुवर्षें अंथरुणास खिळून अखेर निवर्तला, तर त्या घरच्या मुलांस त्या संध्याकाळीं कोणीं जेवूं घातलें, ह्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. वस्तुतः समाजाची परीक्षा अशाच घराच्या उंबरठ्यावर होत असते. नांदेड व लातूर ह्या प्रांतांत ह्या परीक्षेचा इतिहास पुष्कळ मागें नेतां येतो. तो येथें थोडक्यांत पाहावयाचा आहे.

लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, आज कर्नाटकांत मोडणारें बसवकल्याण म्हणजेच चालुक्यांची राजधानी कल्याणी. सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६–११२६) तेथें राज्य करीत असतां विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. इंग्रजी अमलांत हा ग्रंथ न्यायालयांत गाजला, तो वारसाहक्काच्या प्रकरणामुळें. त्यांतील अशौचाच्या प्रकरणाकडे सामान्य वाचक फारसा वळत नाहीं. तेथें मूळ स्मृतिकार सांगतो कीं, मृतास उदक देऊन व स्नान करून आप्तजन कोवळ्या हिरवळीवर बसले म्हणजे त्यांस जुन्या कथा सांगून त्यांचा शोक हलका करावा. मग मुलांस पुढें घालून सर्वांनीं घरीं परतावें व दारांत कडुलिंबाचीं पानें चावावीं. त्या दिवसांत विकत घेतलेल्या अथवा दुसऱ्यानें दिलेल्या अन्नावर राहावें व जमिनीवर निजावें. ह्यांतील विटाळाची कल्पना बाजूस ठेविली तरी एक शहाणा व्यवहार उरतो. ज्या घरांत शोक आहे त्या घरांत अन्न शिजूं नये, असें म्हणणाऱ्यानें तें अन्न पुरविण्याचें कर्तव्य आपोआपच शेजाऱ्यावर टाकिलें.

हें कर्तव्य गांवोगांव शास्त्राचें नांवही न घेतां पाळलें जातें. मराठवाड्यांत अंत्ययात्रेस जाण्यास ‘मातीला जाणें’ म्हणतात. लग्नाचें बोलावणें चुकलें तर रुसवा होतो. मातीला मात्र बोलावणें लागत नाहीं. बातमी कानीं पडतांच मनुष्य हातचें काम टाकून निघतो. कोणी तिरडीचे बांबू आणतो, कोणी लाकडांची सोय पाहतो, कोणी सासरीं असलेल्या लेकींस निरोप धाडतो. संध्याकाळीं शेजारघरांतून पिठलें-भाकरी येते, आणि एखादी वडीलधारी बाई जवळ बसून ‘दोन घास खाऊन घे गं माय’ असा आग्रह करिते. तिसऱ्या दिवशीं राख सावडावयाची, मग दहावा, तेरावा; मधल्या रात्रीं भजनी मंडळी टाळ घेऊन येते; सोयरे दुखवट्याचीं वस्त्रें आणितात व गोड जेवण होऊन घर पुन्हां नित्याच्या व्यवहारास लागतें. दुःखिताची बुद्धि बधिर झालेली असते. त्याच्याऐवजीं रूढि विचार करिते, हाच ह्या नेमलेल्या दिवसांचा खरा उपयोग होय.

हा धर्म एकाच पंथाचा नव्हे. इ. स. १७०८ सालीं नांदेड येथें गुरु गोविंदसिंहांचें देहावसान झालें. शस्त्राची जखम भरत आली असतां पुन्हां उघडली, असें शीख परंपरा सांगते. देह ठेवण्यापूर्वीं त्यांनीं गुरुपद ग्रंथसाहेबांस दिलें. म्हणून आजही त्या समाजांत आक्रोशास आवर घालून पाठ, अरदास व लंगर ह्यांच्या द्वारें सारी संगत त्या घराभोंवतीं जमते. इसवी सन ६२९ मध्यें मुताच्या लढाईंत जाफर पडले, तेव्हां त्यांच्या घरच्यांसाठीं अन्न तयार करा, असें पैगंबरांनीं सांगितलें. तो पायंडा मुसलमान शेजारी आजही पाळतात. विधि निरनिराळे, पण अन्न व सोबत ह्या दोन गोष्टी सर्वत्र सारख्याच.

ह्या व्यवस्थेस शेजार शिल्लक असावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारें आठ हजार माणसें गेलीं. जेथें प्रत्येक घरांत मृत्यु, तेथें सांत्वन कोणीं कोणाचें करावें? तेव्हां बाहेरून आलेल्या परक्या माणसांनीं शेजाऱ्याचें काम केलें. पुढें २०२० सालीं साथीमुळें अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा पडली. मातीला जातां आलें नाहीं, ही रुखरुख अनेकांस पुढेंही सोडून गेली नाहीं.

परंतु दीर्घ आजारानंतरचा मृत्यु हा निराळाच प्रकार आहे, आणि तेथें आपली रूढि तोकडी पडते. भेटीस येणारे ‘सुटला बिचारा’ म्हणतात. तें खोटें नसतें. पण जी पत्नी रात्र रात्र उशाशीं बसली, तिचें दुःख दोन-तीन वर्षांपूर्वींच सुरू झालेलें असतें. औषधांत पैसा गेलेला, शेत गहाण पडलेलें, शरीर थकलेलें. मरणाच्या दिवशीं अंगणांत शंभर माणसें उभीं राहतात. आजाराच्या पांचशेव्या रात्रीं एकही नसतें. चौदाव्या दिवशीं पाहुणे पांगतात. तेराव्याच्या पंक्तीचें कर्ज मात्र राहतें. त्यांतच विधवेस मंगळसूत्र, कुंकूं व बांगड्या सोडावयास लावणारी रूढि तिला सांत्वनाऐवजीं शिक्षाच देत आली. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला व राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींस त्याचें अनुकरण करण्यास सांगितलें, हें योग्यच झालें.

उरला प्रश्न मरणापूर्वींच्या काळाचा. केरळांत १९९३ सालीं कोळिकोड येथें असाध्य रोग्यांच्या वेदनाशमनासाठीं एक संस्था निघाली. पुढें शेजारचींच माणसें शिकवून तयार करण्यांत आलीं, आणि तीं रोग्याच्या घरीं जाऊन जखम धुणें, घरच्यांस विसावा देणें, धान्य पोंचविणें अशीं कामें करूं लागलीं. २००८ सालीं त्या राज्यानें ह्या सेवेस आपल्या धोरणांत स्थान दिलें. ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. पिठलें-भाकरी पोंचविणारा हात आपल्याकडे तयार आहेच. तो तेरा दिवस अगोदर व तेरा दिवसांनंतरही पुढें यावा, एवढेंच करावयाचें आहे.

शोक करणारांस कथा सांगाव्या, असें जुना स्मृतिकार म्हणाला, ह्यांतही मर्म आहे. आजारानें जर्जर झालेल्या माणसाचें अखेरचें रूप घरच्यांच्या डोळ्यांपुढून जात नाहीं. त्याचें धडधाकट रूप ज्यानें पाहिलें आहे अशा शेजाऱ्यानें त्याच्या चार जुन्या गोष्टी सांगितल्या, तर तो माणूस त्या घरास पुन्हां भेटतो. ह्याला ना द्रव्य लागतें, ना मुहूर्त. जाऊन बसण्याइतका वेळ तेवढा लागतो.