बाळंतिणीच्या खोलीतलं गाणं कोण निवडतं?

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, म्हसळ्याला. आठवा लागलाय. परवा रात्री जेवणं आटपल्यावर ती फोनमध्ये काहीतरी खुडबुड करत बसली होती. विचारलं तर म्हणाली, "आई, डिलिव्हरीची प्लेलिस्ट करतेय. कळा सुरू झाल्या की ऐकायला." मी आधी हसले. मग म्हटलं, दाखव. बत्तीस गाणी होती. त्यातल्या एका गाण्याचे पहिले दोन सूर वाजले आणि माझ्या पोटात गोळा आला.

"हे काढ," म्हटलं.
"का गं? छान आहे की."

कारण सांगायला अर्धा तास लागला. त्यातूनच ही पोस्ट निघाली. लांब आहे, सवडीने वाचा.

ही मुलगी 1994 ची, मुंबईच्या एका इस्पितळात झालेली. माझ्या आईला दारातच थांबवलं होतं. आत आम्ही चौघी-पाचजणी, मध्ये पडदाही धड नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर टेपरेकॉर्डर. तिथल्या लोकांची रात्रपाळी जावी म्हणून लावलेला. एकच कॅसेट, संपली की उलटी करायची. ते गाणं त्या रात्री मी किती वेळा ऐकलं ते सांगता येणार नाही. कुणीतरी त्याच्याबरोबर गुणगुणत होतं आणि तेच तोंड मला म्हणत होतं, "ओरडू नको." आजही लग्नात बँडवाल्यांनी ते वाजवलं की मी उठून बाहेर जाते. गाणं वाईट नाही हो. मी निवडलेलं नव्हतं, एवढंच.

आता माझ्या स्वतःच्या जन्माची गोष्ट. 1966, इथेच, घरात. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव 1981 ला मिळालं. आई सांगायची ते असं: माजघरामागची अंधारी खोली, आढ्याला बांधलेला दोर, चुलीवर पाणी, आणि दोन बायका. एक माझी आजी. दुसरी मोहल्ल्यातली खाला. खाला ही सगळ्या आळीची सुईण, हिंदूंची, मुसलमानांची, कोळ्यांची, सगळ्यांचीच. कळ आली की खाला आईची कंबर मुठीने दाबून धरायची आणि ओठातल्या ओठात दरूद म्हणायची. कळ ओसरली की आजी ओवी धरायची. मोठ्याने नाही, पहाटे जात्यावर धरावी तशी.

मी एकदा आईला विचारलं, ओवी कसली गं, देवाची? म्हणाली, "छे! माझ्या माहेरच्या वाटेची." म्हणजे कुठला ओढा लागतो, कुठे आंबा आहे, कुठल्या वळणावर भाऊ सामोरा येतो. आजीला सुनेच्या माहेरची वाट पाठ होती! सासू-सुनेचं एरवी काही फार गूळपीठ नव्हतं म्हणे. पण त्या रात्री तिने सुनेला माहेरी नेऊन आणलं.

ज्यांनी जातं ओढलंय त्यांना हे सांगायला नको. ओवीला जात्याची लय असते. ओळ म्हणायची, खुंटा फिरवायचा, थांबून मूठभर वैरण घालायची, की पुढची ओळ. कळांचंही तसंच असतं. येते, चढते, उतरते, मग मधली मोकळी जागा. आजकाल शहरात गरोदर बायकांचे वर्ग असतात, त्यात श्वास कसा सांभाळायचा ते शिकवतात. त्यातली एक नामांकित पद्धत लमाझ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1951 च्या सुमारास सोव्हिएत रशियातून बघून येऊन पॅरिसमध्ये रुजवली. आजीला लमाझ माहीत असण्याचं कारण नाही. तिच्याकडे जातं होतं.

जात्यावरच्या ओव्या जपल्या गेल्या, हे आपलं भाग्य. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये त्या गोळा केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे खंडच्या खंड काढले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी मुळशी-मावळाकडच्या आणि इतर गावांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आज ऐकायलाही मिळतात. जरूर ऐका.

पण बघा हं, आपल्याकडे बाळंतपणाची गाणी म्हटली की काय आठवतं? डोहाळे. ते ओटी भरताना, हिरवी साडी नेसवून, चारचौघींत. नाहीतर पाळणा. तो बाराव्या दिवशी, कुंची घालून, घुगऱ्या वाटून. रामनवमीला भर दुपारी बाराला देवळात आपण पाळणा म्हणतो, सुंठवडा खातो. कौसल्येला कळा आल्या असतील की नाही? त्यांचं गाणं कुणी म्हणत नाही. आधीचं आहे, नंतरचं आहे, मधलं गायब.

याचं कारण माझ्या मते सोयर. ती खोली विटाळाची. दहा दिवस तिथे कुणी शिवायचं नाही. आत जायचं ते सुईणीने, आणि पुष्कळ गावांत ही सुईण गावाने खालची ठरवलेल्या जातीतली. एरवी जिला ओसरीवर येऊ देत नसत, त्या बाईच्या हातात घराण्याचं लेकरू सगळ्यांच्या आधी जायचं. तिला काय येत होतं, ती काय म्हणायची, हे विचारून लिहून घ्यायला वही-पेन घेऊन त्या अंधाऱ्या खोलीत कोण जाणार? मुसलमान घरांत निदान बाळासाठी एक आवाज ठरलेला आहे, उजव्या कानात अजान. तोही बाळासाठी. आईसाठी नाही.

ज्यांनी लिहून घेतलं त्यांचं एक उदाहरण फार लांबचं आहे, पनामाचं. तिथल्या कुना आदिवासींचं एक गाणं 1947 साली छापलं गेलं. अडलेल्या बाळंतिणीसाठीच असलेलं, पाचशे पस्तीस ओळींचं! सुईण घाबरते, मांत्रिकाला बोलावते, तो येऊन गातो. बाईला हात लावत नाही. तिच्याच पोटातल्या वाटेने तो निघालाय, अडथळे पार करतोय, असं गाणं आहे. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस या मोठ्या अभ्यासकाने 1949 मध्ये त्यावर लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्या वेदनेला नाव नव्हतं तिला गाण्याने गोष्ट मिळते आणि बाईला ती सोसता येते. वाचताना मला आजीची माहेरची वाटच आठवली. तीही वाटच होती की.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे ताई, जुनं तेच सोनं का? अजिबात नाही. त्याच आजीची दोन मुलं गेली, एक जन्मताना, एक धनुर्वाताने आठवड्याच्या आत. ओवीने नाळ कापायची पाती स्वच्छ होत नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. त्या अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि 1886 मध्ये प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच, आर्य हिंदूंमधल्या.

आपल्या भागाचं सांगायचं तर म्हसळा 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात. संस्थानची राजधानी मुरुड, म्हणजे राजपुरी खाडीच्या पलीकडे. तिथल्या सरकारी रुग्णालयाला आजही लेडी कुलसुम बेगम यांचं नाव आहे. मुलगा लहान म्हणून 1922 ते 1933 संस्थानचा कारभार त्यांनी पाहिला. आज दिघी-आगरदांडा फेरीबोटीत गाडी चढवून आपण पलीकडे जातो. तेव्हा अडलेल्या बाईला खाडी ओलांडून न्यायचं म्हणजे भरती-ओहोटी बघायची, तांडेल शोधायचा. कळा काही भरतीसाठी थांबत नाहीत. तेव्हा दवाखान्याचं मोल आमच्या पिढीला कुणी सांगायला नको. 2018-20 च्या सरकारी आकडेवारीत देशात लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावल्या, महाराष्ट्रात 33. हे दवाखान्यांनी, नर्सताईंनी, आशाताईंनी कमावलेलं आहे.

फक्त त्या व्यवहारात एक गोष्ट आपण न विचारता देऊन टाकली. दोर गेला, अंधार गेला, गंजकी पाती गेली, बरं झालं. पण आजी आणि खालाही दाराबाहेर राहिल्या. आणि त्या गेल्या तशी ओवीही गेली, कारण ओवी त्यांच्या तोंडात होती. तिच्या जागी आला टेपरेकॉर्डर. यंत्रावरचं गाणं इस्पितळात शिरण्याचा इतिहास तसा जुना आहे. अमेरिकेत इव्हान केन नावाच्या सर्जनने 1914 साली लिहिलंय, की तो शस्त्रक्रियेच्या खोलीत फोनोग्राफ लावतो, रोग्याचं मन रमतं. रोग्याचं, बरं का!

मग आला गर्भसंस्काराचा जमाना. कार्ल्याच्या बालाजी तांबे यांचं पुस्तक आणि त्यांच्या सीडी घराघरांत गेल्या. माझ्या भाच्यांनी, पुतण्यांच्या बायकांनी सगळ्यांनी ऐकल्या. मन शांत होत असेल तर ऐकावं, माझा आक्षेप नाही. पण त्यातला रोख बघा: बाळ हुशार व्हावं, संस्कारी व्हावं. अभिमन्यूची लोककथा आपण सगळे सांगतो. चक्रव्यूहाची गोष्ट ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली आणि अभिमन्यूचं शिक्षण अर्धवट राहिलं. झोपली म्हणून बोल तिलाच. पोटुशी बाई, युद्धाचे डावपेच ऐकून झोपणार नाही तर काय करणार? तिला काय ऐकायचं होतं हे कुणी विचारलं का?

विज्ञान काय म्हणतं? 2018 साली कॉक्रेन या संस्थेने जगभरचे प्रयोग एकत्र करून तपासले. संगीताने सुरुवातीच्या कळांत वेदना थोडी कमी जाणवते असं दिसतं, कळा जोरात आल्यावर तसा स्पष्ट फरक दिसत नाही, आणि एकूण पुरावाही कच्चाच आहे. म्हणजे गाणं हे काही भुलीचं इंजेक्शन नव्हे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणाच्या काळजीबद्दल शिफारशी काढल्या. ज्या निरोगी बाईला वेदना कमी करण्यासाठी काही हवं आहे तिच्यासाठी श्वसन, संगीत वगैरेला त्यात जागा आहे. आणि संगीताहून ठळक शिफारस आहे ती सोबतीची: बाईच्या पसंतीचं माणूस तिच्याजवळ असावं. आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने तर 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी असं कळवलंय. पुढच्या वर्षी 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यातही प्रसूतिगृहात बाईशी सन्मानाने वागण्यावर भर आहे.

हे किती जणींना माहीत आहे? मी गेल्या आठवड्यात हळदीकुंकवाला विचारलं. अकरा जणींत एकीला. तीही आशाताई.

म्हणून आपल्या तालुक्यातल्या मंडळींना माझं एक सांगणं आहे. दवाखान्यांना रुग्ण कल्याण समित्या असतात, त्यात आपलेच लोकप्रतिनिधी बसतात. त्यांना विचारा: प्रसूतीच्या खोलीत दोन खाटांच्या मध्ये पडदा आहे का? सोबतिणीला बसायला एक खुर्ची आहे का? बाईने स्वतःचा फोन कानाला लावला तर चालेल का? खर्च फार नाही. भांडायला जाऊ नका, नर्सताईंवर कामाचा डोंगर आहे, पण विचारा. आणि गाणी आधीच उतरवून ठेवा, रेंजचं आपल्याकडे काय होतं ते पावसाळ्यात बघताच.

दुसरं, घरात जातं ओढलेली कुणी म्हातारी असेल, कुणबी, आगरी, कोळी, कोकणी मुसलमान, कुणीही, तर तिच्याजवळ बसून फोनवर रेकॉर्ड करा. विचारताना "बाळंतपणाची गाणी सांग" असं नका विचारू, ती पाळणा म्हणेल. "कळा येत होत्या तेव्हा कोण जवळ होतं, ती काय म्हणत होती?" असं विचारा.

मुलीने ते गाणं काढलं. आता एकतीस उरलीत. बत्तिसाव्या जागी तिला आजीची ओवी हवीय. मला आहे तेवढी येते, दोन ठिकाणी ओळ आठवत नाही, तिथे मी आमच्या घरापासून तिच्या शाळेपर्यंतची वाट घातलीय. काल रात्री पंखा बंद करून रेकॉर्ड केली. ऐकून म्हणाली, "आई, मध्ये मध्ये इतकी थांबतेस का?" वैरण घालायला, म्हटलं.

ज्या दवाखान्यात तिचं नाव नोंदवलंय तिथे मी सोबत आत येऊ का, असं विचारून ठेवलंय. मोठ्या डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणाले. सोमवारी पुन्हा जाणार आहे.