पाळीचे कवच आणि कमरेचा टेप

समजा, केडगावातील एका शिक्षिकेचे वय ३८ आहे. पाळी नियमित आहे, अंगकाठी बारीक आहे. तिने हृदयविकाराची चिंता करावी का? "पाळी चालू असेपर्यंत बायकांना भीती नाही," असे आपण सहज म्हणतो. हा समज आला कोठून?

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची पाहणी सुरू झाली. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांत हृदयविकार फारच कमी, असे त्यांच्या नोंदींत दिसले. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कवचाचे काम करत असावे, असा तर्क पुढे आला. मग पाळी गेल्यावर ते बाहेरून दिले तर? १६,६०८ स्त्रियांवरील अमेरिकी चाचणीत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र दिले. हृदयविकार कमी होण्याऐवजी किंचित वाढला, स्तनांचा कर्करोगही वाढला. २००२ साली चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा धडा मिळाला.

फ्रॅमिंगहॅमच्याच नोंदींनी १९७९ साली आणखी एक गोष्ट दाखवली. मधुमेह झाला की स्त्रियांचे हे कवच बरेचसे गळून पडते. आपल्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांची पाहणी केली. या माता सडपातळ होत्या. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांत स्नायू बरेच कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला बारीक, पण आत चरबी! अशा ठेवणीत मधुमेहाचा धोका वाढतो. गर्भारपणी यांतील सुमारे दोन-तृतीयांश मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते आणि सुमारे ३० टक्क्यांच्या रक्तात होमोसिस्टीन वाढलेले होते.

होमोसिस्टीन वाढलेल्यांत हृदयविकार अधिक आढळतो. मग गोळ्यांनी ते उतरवले की झाले? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. इथेही तोच धडा: खूण म्हणजे कारण नव्हे. धूर पुसून आग विझत नाही.

तरी धूर दिसला की आग शोधावीच लागते. आपल्या शिक्षिकेला वजनकाट्यापेक्षा कमरेचा टेप अधिक सांगेल. भारतीय स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, 'चांगले' कोलेस्टेरॉल ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, या पाचांपैकी कोणत्याही तीन खुणा असल्या तर सावध व्हावे. गरोदरपणी साखर वाढली असेल तर अधिकच. पाळी नियमित आहे, एवढ्यावर विसंबून तपासणी टाळू नये.