मळीपासून पॉलिस्टर: इथिलीन ग्लायकॉल कसे बनते?
उसाच्या मळीपासून इथेनॉल होते, हे कळंब तालुक्यातील रांजणी परिसरातील शेतकऱ्यांना नवे नाही. या इथेनॉलमधील पाण्याचा अंश रासायनिक क्रियेने काढला की इथिलीन वायू मिळतो. चांदीच्या उत्प्रेरकावर ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे इथिलीन ऑक्साइड आणि पुढे पाण्याशी क्रिया होऊन ग्लायकॉल बनते. उत्तराखंडमधील काशीपूरला असे उत्पादन होते. जगात मात्र बहुतांश ग्लायकॉल खनिज इंधनापासूनच येते. टेरेफ्थॅलिक आम्लाशी संयोग झाला की पॉलिस्टर तयार. एक किलो पॉलिस्टरला सुमारे एक तृतीयांश किलो ग्लायकॉल लागते. म्हणजे कापसाचा स्पर्धक उसातूनही निघू शकतो!

हेच ग्लायकॉल ट्रॅक्टरच्या कूलंटमध्येही असते. ते चवीला गोड, पण विषारी आहे. सांडलेले कूलंट लगेच पुसावे, जनावरांना चाटू देऊ नये.