खवल्याखालची चढाओढ

कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांना लाल खवले किडीने जेरीस आणले होते. फांदी, पान, फळ, जिथे जागा मिळेल तिथे ही कीड चिकटते, रस शोषते आणि वर मेणचट कवच धरून बसते. झाडावर तंबू टाकून सायनाइडची धुरी देत. १९१४ च्या सुमारास काही बागांतली कीड त्या धुरीलाही पुरून उरू लागली.

तिला खरा वैरी मिळाला तो ॲफायटिस, जेमतेम मिलिमीटरभर लांबीची पिवळी गांधीलमाशी. मादी कवचाला सुईसारखी नळी टोचते आणि आत किडीच्या अंगावर अंडे ठेवते. त्यातून निघालेली अळी किडीला शोषून कोरडी करते.

ॲफायटिसची क्रायसोम्फाली ही जात १९०० च्या आसपास कुणी मुद्दाम न आणताच तिथे पोहोचली होती. १९४८ मध्ये दक्षिण चीनहून लिंगनानेन्सिस आणली आणि दहाएक वर्षांत क्रायसोम्फाली जवळजवळ दिसेनाशी झाली. मग १९५६-५७ मध्ये भारत-पाकिस्तानातून मेलिनस आली. आतल्या उष्ण खोऱ्यांतून तिने लिंगनानेन्सिसला थोड्याच वर्षांत हुसकावले. लिंगनानेन्सिस उरली ती समुद्रकाठच्या पट्ट्यात.

रिव्हरसाइडचे कीटकशास्त्रज्ञ पॉल डिबाख हे सारे बारकाईने टिपत होते. एकाच किडीवर अनेक मित्रकीटक सोडले तर ते आपसांतच झगडतील आणि कीड मोकळी सुटेल, असा आक्षेप तेव्हा अनेकांचा होता. बागांमध्ये मात्र जुन्या जातीची जागा घेणारी नवी जात किडीला अधिकच आवळत गेली. माझ्या मते जैविक कीडनियंत्रणातला हा सर्वांत बोलका दाखला आहे.

मेलिनस जिंकली कशाच्या बळावर? रॉबर्ट लक आणि पोडोलर या संशोधकांनी १९८५ मध्ये त्याचे पटण्याजोगे उत्तर मांडले. या माश्यांत फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर, आणि कुठले अंडे घालायचे हे आई ठरवते. कीड लहान असेल तर नर, भरदार असेल तर मादी. मेलिनस मात्र लिंगनानेन्सिसला मुलींसाठी अपुरी वाटणाऱ्या लहान किडीवरही मुलगी वाढवते. त्यामुळे लिंगनानेन्सिसच्या मापाची होण्याआधीच कीड संपते. मारामारी होतच नाही. लिंगनानेन्सिसच्या पोटी मुलगेच जास्त आणि मुली कमी होत जातात.

आज कॅलिफोर्नियातल्या कीटकशाळांत मेलिनस कण्हेरीवरच्या खवले किडीवर पोसतात, आणि ती कीड वाढवतात भोपळ्यांवर. बागाईतदार या माश्या विकत घेऊन बागेत सोडतात.