मिशांच्या आईपासून अंगणवाडीपर्यंत

दोन वर्षांचं मूल जेवताना पळत सुटतं. चप्पल स्वतःच घालायची म्हणून अर्धा तास लावतं आणि आपण मदत केली की भोकाड पसरतं. अशा वेळी करायचं काय? माझी मुलगी सध्या याच वयात आहे, त्यामुळे हा प्रश्न मी जवळपास रोज फोनला विचारतो. फोन दहा उत्तरं देतो आणि त्यातली चार एकमेकांच्या विरुद्ध असतात. शेवटी मी उत्तरं शोधणं थांबवलं आणि ती आली कुठून, हे वाचायला लागलो.

1928 साली जॉन वॉटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं बालसंगोपनावरचं पुस्तक आलं. त्यातला सल्ला असा: मुलांना कवटाळू नका, मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका, सकाळी फार तर हात मिळवा. पुस्तक गाजलं. पुढे खुद्द वॉटसनला ते लिहिल्याचा पस्तावा झाला. 1946 मध्ये डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी नेमकं उलट सांगितलं: लाड करायला घाबरू नका, स्वतःवर विश्वास ठेवा. अठरा वर्षांत सल्ल्यानं अशी कोलांटउडी मारली.

याच काळात आपल्याकडे वेगळंच काहीतरी चाललं होतं. काठियावाडात वढवाणला गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. 1913 मध्ये त्यांना मुलगा झाला. याला वाढवायचं कसं, या साध्या घरगुती प्रश्नापायी ते मारिया माँटेसरींच्या विचारांपर्यंत पोचले. मग वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केलं. लोक त्यांना ‘मिशांची आई’ म्हणायचे. मूल चप्पल घालायला अर्धा तास लावत असेल, तर तो अर्धा तास हेच त्याचं शिक्षण, असा त्या शाळेचा एकूण रोख. मार नाही, धाक नाही, बक्षिसाचं आमिषही नाही. पालकांसाठी त्यांनी लिहिलेल्या एका पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘आई-बाप होणं अवघड आहे’ असा आहे.

या कामात त्यांच्यासोबत होत्या ताराबाई मोडक. या विचाराला मराठीत आणण्याचं श्रेय त्यांचं. पण त्यांना एक गोष्ट खुपत होती. माँटेसरीची साधनं महाग, त्यामुळे बालशिक्षण शहरातल्या सुखवस्तू घरांपुरतं उरत होतं. 1945 मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि तिथे त्यांनी बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच उठून वस्तीतल्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा जन्म असा झाला. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं आली. आधी आंघोळ आणि नखं कापणं, मग गाणी-गोष्टी.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर आणखी एक अडचण दिसली. मोठी बहीण शाळेत यायची नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंडं असायचं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे वापरणारा आला नाही, तर दोष त्याचा नाही, रचनेचा, असं शिकवतात. या दोघी टेकडीवर तेच करत होत्या.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांमध्ये सुरू केली. तिच्या केंद्रांचं नावही ‘अंगणवाडी’च. ताराबाई 1973 मध्ये गेल्या होत्या, त्यांना हे पाहता आलं नाही.

आज सेविकेच्या वाट्याला मुलांचं वजन घेणं, आहार, गरोदर बायकांच्या नोंदी आणि शिवाय फोनवरच्या ॲपमध्ये माहिती भरणं येतं. माझ्या हातातल्या फोनवर मी सल्ले चाळतो, तिच्या हातातल्या फोनवर ती शेजारच्या वस्तीतल्या मुलांची वजनं चढवते. मला पगार मिळतो. तिला मिळतं ‘मानधन’, कारण कागदोपत्री तिचं पद मानद आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत.

मूल वाढवणं अवघड आहे, हे एका वकिलाला स्वतःच्या बाळापायी कळलं. ते घराबाहेरचंही काम आहे, हे दोन बायकांनी वस्तीत जाऊन दाखवलं. ते करणारीला नोकरदार म्हणायला मात्र आपण अजून तयार नाही. माझ्या मुलीच्या हट्टाचं उत्तर मला बहुधा तिच्यासोबत अर्धा तास बसून मिळेल. हा दुसरा प्रश्न तसा एकेका घरात सुटणारा नाही.