पन्नास टक्क्यांची कुळकथा

१९५० साली लागू झालेली मूळ राज्यघटना उघडून पाहा. आरक्षणाच्या कलमांत ५० टक्के हा आकडा कुठेही सापडत नाही. कलम १६(४) मागासवर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत जागा राखून ठेवायची मुभा देतं. किती जागा, त्याबद्दल ते गप्प आहे. तरीही आज निवडणुकीच्या सभेत, वकिलांच्या चेंबरमध्ये आणि ‘नीट’चं कौन्सेलिंग चालू असताना पालकांच्या घोळक्यात ‘पन्नासच्या वर जाता येत नाही’ हे वाक्य घटनेतलंच असल्यासारखं उच्चारलं जातं. हा आकडा कायद्यात रुजला तो मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशांच्या भांडणातून. आणि तो निकाल लिहिला साताऱ्यात जन्मलेल्या एका मराठी न्यायमूर्तींनी.

त्याआधीही हा आकडा आपल्याकडे एकदा येऊन गेला होता, पण अगदी वेगळ्या अर्थाने. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात हुकूम काढला, की यापुढे भरल्या जाणाऱ्या रिकाम्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखाव्यात. ज्या कचेरीत मागासवर्गीयांचं प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी, असंही त्यात होतं. म्हणजे कोल्हापुरात पन्नास ही गाठायची पायरी होती. साठ वर्षांनी दिल्लीत तीच संख्या ओलांडायची नाही अशी रेघ झाली.

मधला टप्पा मद्रासचा. तिथे १९२७ पासून जातवार वाटपाचा ‘कम्युनल जीओ’ हा सरकारी आदेश चालत आलेला होता. मेडिकलच्या दर १४ जागांपैकी ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ हरिजनांना, १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना आणि १ मुसलमानांना. राज्यात मेडिकलच्या जागा अवघ्या ३३०. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण बाईंनी या वाटपाला आव्हान दिलं. त्यांनी मेडिकलला अर्जही केलेला नव्हता. आपल्या जातीमुळे प्रवेश मिळणार नाही हे चौकशीत कळलं म्हणून अर्ज केला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ते वाटप घटनाबाह्य ठरवलं. नोकऱ्यांसाठी १६(४) होतं, शिक्षणासाठी तसं कलमच नव्हतं. दोन-अडीच महिन्यांत संसदेने पहिली घटनादुरुस्ती केली आणि कलम १५(४) जन्माला आलं. स्वतंत्र भारताची पहिलीच घटनादुरुस्ती होण्यामागे कॉलेजातल्या प्रवेशाचा खटला हे एक मोठं कारण होतं, हे आपण फारसं लक्षात घेत नाही.

आता म्हैसूर. ३१ जुलै १९६२ रोजी म्हैसूर सरकारने आदेश काढून मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या जागा वाटून दिल्या: मागासवर्गांना २८ टक्के, अतिमागासांना २२, अनुसूचित जातींना १५, जमातींना ३. बेरीज ६८. गुणवत्तेच्या खुल्या यादीला उरले ३२. एम. आर. बालाजी आणि इतर विद्यार्थी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २८ सप्टेंबरला निकाल लागलासुद्धा. प्रवेशाचा खटला लांबला की वर्ष बुडतं, त्यामुळे हे खटले नेहमी घाईत चालतात. आरक्षणाचा बराचसा कायदा असा जून ते सप्टेंबरच्या धावपळीत घडला आहे.

निकाल लिहिला प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. त्या निकालाचा सर्वांत भक्कम भाग कुणी फारसा सांगत नाही. म्हैसूर सरकारने मागासपण मोजण्यासाठी एक माप घेतलं होतं: हायस्कूलच्या शेवटच्या तीन वर्गांत, समाजाच्या दर हजार लोकांमागे किती मुलं शिकतात. राज्याची सरासरी आली ६.९. लिंगायतांचा आकडा ७.१, म्हणजे सरासरीच्या वर. तरीही ते मागासांच्या यादीत होते. गजेंद्रगडकरांनी नेमकं यावर बोट ठेवलं. सरासरीच्या आसपास असणं म्हणजे मागास असणं नव्हे. जे समाज सरासरीच्या बरेच खाली आहेत तेच मागास, आणि नुसती जात ही एकमेव कसोटी चालणार नाही, असं त्यांनी बजावलं. राज्याच्या सुमारे ९० टक्के लोकसंख्येला मागास ठरवणारी यादी त्यांना पटली नाही. मला वाटतं, इथवर या निकालाशी भांडायला जागा नाही.

मग तो आकडा येतो. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: साधारणपणे आणि ढोबळ मानाने बोलायचं तर विशेष तरतूद ५० टक्क्यांहून कमी असावी, किती कमी, ते त्या त्या ठिकाणच्या परिस्थितीवर ठरेल. पन्नासच का, चाळीस किंवा साठ का नाही, याचं गणित निकालात नाही. तर्क इतकाच होता की १५(४) हा समानतेच्या नियमाला केलेला अपवाद आहे आणि अपवादाने नियम गिळता कामा नये. निम्म्याहून जास्त झाला की अपवादच नियम होतो. ‘साधारणपणे’ हा शब्द गजेंद्रगडकरांनी जाणूनबुजून घातला होता. पण वकिली युक्तिवादात असे शब्द टिकत नाहीत. वर्षभरातच देवदासन खटल्यात, नोकऱ्यांतल्या अनुशेषाच्या, म्हणजे न भरलेल्या राखीव जागा पुढे नेण्याच्या प्रश्नावर, हा ढोबळ अंदाज पक्क्या मर्यादेसारखा वापरला गेला. न्या. सुब्बा राव यांनी तेव्हा एकट्याने विरोधी मत नोंदवलं.

पुढे १९७५ मध्ये एन. एम. थॉमस खटल्यात पाया हलला. १६(४) हा समानतेला अपवाद नसून समानतेचंच अंग आहे, असा विचार तिथे पुढे आला. एखाद्या राज्यात ८० टक्के लोक मागास असतील आणि त्यांच्यासाठी ८० टक्के जागा राखल्या तर ते घटनेविरुद्ध कसं, असा प्रश्न न्या. फझल अली यांनी उघड विचारला. १९९२ च्या इंद्रा सहानी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ‘अपवाद नव्हे’ ही भूमिका मान्य केली. म्हणजे बालाजीमधला मूळ तर्क गेला. आकडा मात्र राहिला. त्याला नवा आधार देण्यात आला तो बाबासाहेब आंबेडकरांच्या ३० नोव्हेंबर १९४८ च्या भाषणाचा. ७० टक्के जागा राखल्या आणि ३०च खुल्या ठेवल्या तर समान संधीचं तत्त्व उरेल का, असं बाबासाहेबांनी घटना समितीत विचारलं होतं. राखीव जागा अल्पसंख्येत असाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. या मुद्द्याला वजन आहे आणि आरक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो टाळू नये. पण बाबासाहेब सरकारी नोकऱ्यांविषयी बोलत होते, आणि टक्क्यांची पक्की रेघ त्यांनीही मारली नव्हती. शिवाय सहानी निकालानेही असाधारण परिस्थितीसाठी, उदाहरणार्थ मुख्य प्रवाहापासून तुटलेल्या दुर्गम भागांसाठी, दार किलकिलं ठेवलं.

या आकड्याने काय काय घडवलं, हे पाहायचं तर मंडल आयोग पाहावा. आयोगाने ओबीसींची लोकसंख्या ५२ टक्के धरली, पण शिफारस केली २७ टक्क्यांची. कारण उघड होतं: अनुसूचित जाती-जमातींचे २२.५ वजा केले की पन्नासच्या आत तेवढीच जागा उरत होती. आज अखिल भारतीय कोट्यातून एमबीबीएसला जाणाऱ्या ओबीसी मुलीच्या २७ टक्क्यांचं मूळ म्हैसूरच्या त्या ६८ मध्ये आहे. आणि घटनेत ‘५० टक्के’ हे शब्द अखेर आले ते २००० साली, ८१व्या दुरुस्तीने; तेही अनुशेषाच्या जागा या मर्यादेतून वगळण्यासाठी. तमिळनाडूने तर १९९४ मध्ये आपला ६९ टक्क्यांचा कायदा नवव्या परिशिष्टात घालून घेतला.

महाराष्ट्राची पाळी आली मराठा आरक्षणाने. मराठ्यांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास ठरवणाऱ्या २०१८ च्या एसईबीसी कायद्याची पहिली मोठी ठिणगी पुन्हा मेडिकलमध्येच पडली. पदव्युत्तर प्रवेशाची प्रक्रिया कायद्याआधी सुरू झाली होती, म्हणून त्या वर्षी हे आरक्षण लावता येणार नाही, असं २ मे २०१९ रोजी नागपूर खंडपीठाने सांगितलं. प्रवेश मिळालेली मुलं रस्त्यावर आली, सरकारने ते प्रवेश वाचवणारा वटहुकूम काढला. ज्यांच्या जागा गेल्या असत्या ती मुलंही डॉक्टरच होती आणि ज्यांना त्या मिळाल्या नसत्या तीही. नियम शर्यत सुरू झाल्यावर बदलला, ही दोघांचीही तक्रार खरी होती. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पन्नासची मर्यादा ओलांडल्याचं सांगत तो कायदाच रद्द केला, झालेले पदव्युत्तर प्रवेश मात्र कायम ठेवले.

दीड वर्षाने, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी, त्याच न्यायालयाने आर्थिक दुर्बलांचं १० टक्के आरक्षण तीन विरुद्ध दोन मतांनी मान्य केलं. बहुमताने सांगितलं, की पन्नासची मर्यादा अभंग नाही आणि ती मागासवर्गांच्या आरक्षणापुरतीच आहे. मला हे पटत नाही. जी रेघ मराठ्यांसाठी हलत नाही ती आर्थिक दुर्बलांसाठी लागूच होत नसेल, तर ती कोणत्या तत्त्वावर उभी आहे हे न्यायालयाने सांगायला हवं. आपण बालाजी निकालातून आकडा उचलला आणि गजेंद्रगडकरांनी त्याच निकालात मागितलेली खरी गोष्ट, समाजासमाजाची नेमकी मोजदाद, मागे टाकली. ती मोजदाद आधी व्हावी. आकडा पन्नासच्या खाली राहावा की वर जावा, हे तिच्यावरून ठरवावं. कायद्याने ते अशक्य नाही. इंद्रा सहानी निकाल नऊ न्यायमूर्तींचा असल्याने तो बदलायला अकरांचं पीठ लागेल. २०२१ मध्ये तशी मागणी पाच न्यायमूर्तींसमोर झाली होती. त्यांनी ती फेटाळली.